एस्प्लनेड : मैदान, कोळसा आणि वर्दळ



भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात खाणींचा मुलूख एका पानावर असतो, हिमाच्छादित पर्वत दुसऱ्या पानावर आणि महानगर तिसऱ्यावर. परीक्षेपुरती ती पाने वेगवेगळी पाठ केली की काम भागते. पण कोलकात्याच्या मध्यभागी एक असा चौक आहे की जेथे ही तिन्ही पाने एकमेकांवर येऊन पडतात. त्याचे नाव एस्प्लनेड. तेथील बसथांब्यावर सायंकाळी दुर्गापूर, राणीगंज, आसनसोल अशी गावांची नावे पुकारणारे वाहक दिसतात. ती गाडी कोळशाच्या पट्ट्यात जाते. थोड्याच अंतरावर सिलिगुडीची रात्रीची गाडी भरत असते. तिला बंगालमध्ये ‘रॉकेट’ म्हणतात, आणि तिच्या वेगाकडे पाहता हे नाव देणारा विनोदी असावा. तिच्यातील प्रवासी दुसऱ्या दिवशी हिमालयाच्या पायथ्याशी उतरतात. कोळशाची काळी माती आणि कांचनगंगेचे पांढरे हिम यांच्यामध्ये ज्या शहराचा संसार चालतो, त्याचा उंबरठा म्हणजे हा चौक.

एस्प्लनेड हा मूळचा लष्करी शब्द आहे. किल्ल्याची तटबंदी आणि समोरची वस्ती यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे शत्रू आलाच तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफेचा मारा अडू नये, असा त्याचा अर्थ. मुंबईकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या कोटाबाहेरही असेच एस्प्लनेड होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच उरलेले तुकडे. काळा घोड्याजवळच्या वॉटसनच्या हॉटेलचे पहिले नावही एस्प्लनेड हॉटेल असेच होते. मुंबईने मैदानांना निरनिराळी नावे देऊन ते मूळ नाव बहुतेक विसरून टाकले. कोलकात्यात ते मेट्रो स्थानकाच्या फलकावर आजही आहे. सर्वसामान्य बंगाली माणूस मात्र त्याच जागेला आजही धर्मतला म्हणतो.

या मोकळ्या जागेच्या जन्मकथेत मराठ्यांचा अप्रत्यक्ष वाटा आहे, आणि तो अभिमानाने मिरवावा असा नाही. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले. त्या स्वाऱ्यांतील बारगीरांचे, बंगाली उच्चाराप्रमाणे ‘बर्गीं’चे, भय बंगालच्या अंगाईगीतात जाऊन बसले, मूल झोपत नसेल तर तेथे आपल्या पूर्वजांचे नाव घेत असत. कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पण कोलकात्याला संरक्षणाची चिंता लागली ती लागलीच. १७५६ मध्ये सिराजउद्दौलाने जुना किल्ला घेतला, आणि प्लासीनंतर १७५८ पासून नव्या फोर्ट विल्यमचे बांधकाम सुरू झाले. त्यासाठी गोविंदपूर नावाचे अख्खे गाव हलवण्यात आले. तेथील लोकांना शहरात इतरत्र जागा देण्यात आल्या. टागोर घराण्याचे पूर्वजही त्यांतलेच. गाव गेले, भोवतालचे जंगल तोडले गेले आणि मैदान निर्माण झाले. त्या मैदानाचा उत्तरेकडील काठ म्हणजे एस्प्लनेड. आज पर्यटक ज्या हिरवळीला शहराचे फुप्फुस म्हणतात तिच्याखाली एक उठवलेले गाव आहे, हे ध्यानात ठेवावे. या चौकाच्या कथेत माणसे हलवण्याचा प्रसंग पुन्हा येणार आहे.

चौकात उभे राहिले की सर्वांत आधी नजरेत भरतो तो शहीद मिनार. सुमारे ४८ मीटर उंचीचा हा स्तंभ १८२८ मध्ये सर डेव्हिड ऑक्टरलोनी या सेनापतीच्या स्मरणार्थ उभा राहिला. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून याने दिल्ली राखली, आणि १८१४ ते १८१६ च्या युद्धात नेपाळच्या गुरख्यांना हरवले. म्हणजे या दगडाच्या एका बाजूस मराठ्यांचा पराभव आहे, दुसऱ्या बाजूस हिमालयाचा. त्या दुसऱ्या विजयाचा परिणाम दूरवर गेला. नेपाळकडून घेतलेला डोंगरपायथ्याचा काही मुलूख कंपनीने सिक्कीमच्या राजास परत दिला, आणि १८३५ मध्ये त्याच राजाकडून दार्जिलिंगची टेकडी आरोग्यधामासाठी मिळवली. बंगाली मध्यमवर्गाला पुढे जे ‘पहाड’ लाभले, ते असे.

स्तंभ ज्याच्यासाठी उभारला त्याला मात्र लोक लवकरच विसरले. त्याच्या पायथ्याशी सभा भरू लागल्या. १९३१ च्या सप्टेंबरात हिजलीच्या बंदिवानांवर झालेल्या गोळीबाराचा निषेध करण्यासाठी रवींद्रनाथ टागोर याच जागी बोलले. १९५९ च्या ऑगस्टअखेरीस धान्यासाठी मोर्चा निघाला तोही येथूनच, आणि त्यावर झालेल्या लाठीमारात अनेक माणसे प्राणाला मुकली. १९६९ मध्ये सरकारने स्तंभाचे नाव बदलून शहीद मिनार केले. नामांतराचे श्रेय सरकारला देण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की पायथ्याशी जमणाऱ्या लोकांनी ते काम चाळीसएक वर्षे आधीच सुरू केले होते. परिसरातील इतर नावेही अशीच पालटली. चौरंगीचा जवाहरलाल नेहरू मार्ग झाला, धर्मतला रस्त्याची लेनिन सरणी झाली, कर्झन पार्क सुरेंद्रनाथांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. राजभवनाच्या पूर्वेच्या रस्त्याला सिधू-कानू डहर म्हणतात. डहर हा संथाळी शब्द, अर्थ वाट. कंपनीच्या गव्हर्नर जनरलने १८०३ मध्ये पुरा केलेल्या प्रासादाशेजारच्या रस्त्याला, १८५५ मध्ये कंपनीविरुद्ध उठलेल्या दोन संथाळ भावांचे नाव, आणि तेही त्यांच्याच भाषेतल्या शब्दासह. हे नामांतर तरी मनापासून पटण्यासारखे आहे.

संथाळांचे नाव निघाले की कोळसा येतोच. राणीगंजच्या परिसरात १७७४ मध्ये समनर आणि हीटली या कंपनीच्या दोघा नोकरांनी कोळसा काढायला आरंभ केला. भारतातील कोळशाच्या खाणकामाची ही सुरुवात मानतात. पण कोळसा काढणे सोपे आणि कोलकात्यास आणणे कठीण होते. दामोदर नदीतून नावा चालत त्या केवळ पावसाळ्यात. वर्षभर काठावर ढीग रचून ठेवायचे, आभाळ फुटून नदीला पाणी आले की नावा सोडायच्या. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांनी १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली तेव्हाही हाच क्रम होता. नदीचा हा नाद सुटला तो आगगाडीमुळे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये धावली हे मराठी मुलांना तोंडपाठ असते. कोलकात्याची गाडी मागे पडली, कारण तिचे डबे घेऊन येणारे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडाले आणि इंजिन घेऊन निघालेले जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेले. ती १८५४ च्या ऑगस्टात सुरू झाली, आणि अवघ्या सहा महिन्यांत, ३ फेब्रुवारी १८५५ रोजी, राणीगंजला पोहोचली. घाई कसली होती ते सांगायला नको. त्याच वर्षी जूनमध्ये संथाळांचा उठाव झाला. पुढे खाणींत उतरलेल्या मजुरांत संथाळ आणि बाउरी स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते.

चौरंगीवर, एस्प्लनेडपासून चालत गेले तर काही मिनिटांवर, भारतीय संग्रहालयाच्या शेजारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय आहे. ही संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः रेल्वेसाठी कोळसा शोधण्याकरिता. खडकांचे शास्त्र, जीवाश्म, उल्का हे सारे नंतर आले. विद्येचा आरंभ अनेकदा असा भट्टीपाशी होतो.

१७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये कोळशावर चालणारे वीजगृह सुरू झाले आणि राणीगंजचा कोळसा कोलकात्याच्या दिव्यांत आला. त्या वीजकंपनीची व्हिक्टोरिया हाउस ही इमारत आज चौकाच्या तोंडाशी आहे, माथ्यावर पृथ्वीचा गोल घेऊन. आणि २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे विजेची पहिली ट्राम निघाली. तोवर ट्राम घोडे ओढत होते. बंगालच्या उन्हाळ्यात त्या परदेशी घोड्यांचे जे हाल होत ते बघवत नसत, असे जुने लोक सांगत. विजेने घोडे सुटले, आणि त्यांच्या जागी जमिनीखाली कोळसा फोडणारा माणूस जुंपला गेला. तो शहराला दिसत नव्हता एवढाच फरक.

एस्प्लनेडच्या ट्रामचा इतिहास म्हणजे कोलकात्याच्या सामान्य माणसाचा इतिहास होय. ट्रामला दोन वर्ग होते. पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे. मागचा दुसऱ्या वर्गाचा. १९५३ मध्ये ब्रिटिश मालकीच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवायचे ठरवले. एका पैशासाठी शहर पेटले. महिनाभर बहिष्कार, मोर्चे, धरपकड चालली आणि अखेर वाढ मागे घ्यावी लागली. एक पैसा ही रक्कम क्षुल्लक वाटेल, पण जो रोज चार वेळा ट्राममध्ये चढतो त्याचे गणित महिन्याच्या अखेरीला लागते, आणि ते त्यालाच ठाऊक असते.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी ती पाहिलीही असेल. दिल्ली, चेन्नई, कानपूर येथल्याही ट्राम गेल्या. कोलकात्याची एकटी उरली. आणि २०२४ च्या सप्टेंबरात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केले की रस्ते अरुंद, वाहने फार, तेव्हा एस्प्लनेड ते मैदान एवढा वारसा म्हणून राखलेला भाग वगळता ट्राम बंद होईल. प्रकरण उच्च न्यायालयात होतेच. या निर्णयाची बाजू समजण्यासारखी आहे. शहराच्या एकूण जागेत रस्त्यांचा वाटा फारच थोडा आहे. पण ‘वारसा’ या शब्दाचा नीट विचार करावा. श्यामबाजारहून भाजीची पाटी घेऊन एस्प्लनेडला उतरणाऱ्या बाईसाठी ट्राम हे वाहन होते. मैदानाच्या कडेने फेरी मारून जेथून निघाली तेथेच परत येणारी ट्राम तिच्या काय कामाची? वस्तू जपल्याचे समाधान शहराला मिळेल. तिला मात्र बसची वाट पाहावी लागेल.

चौकाची रोजची वर्दळ पाहायची तर दुपारी पाहावी. कचेऱ्या सुटल्या की डेकर्स लेन नावाच्या गल्लीत बाकड्यांवर माणसे दाटीवाटीने बसतात, आणि पातळ स्ट्यू, भाजलेला पाव, भात, माशाचे कालवण असे घाईचे जेवण उरकतात. या गल्लीचे आजचे नाव जेम्स हिकी सरणी. १७८० मध्ये भारतातले पहिले छापील वृत्तपत्र काढणाऱ्या हिकीच्या नावावर. जेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची माहिती असेल, आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. पलीकडे १८४२ मध्ये टिपू सुलतानाच्या मुलाने बांधलेली मशीद. म्हैसूरचे राजघराणे श्रीरंगपट्टण पडल्यावर पुढे कोलकात्यात आणून ठेवले होते, त्याची ही खूण. तिच्या समोरच रसगुल्ल्यांचे नामांकित दुकान. चौरंगीच्या कमानींखाली आणि न्यू मार्केटपर्यंतच्या पदपथावर फेरीवाले: रुमाल, कंगवे, मोजे, लहान मुलांचे झगे. महापालिका त्यांना उठवते, ते पुन्हा बसतात.

हिवाळ्यात या वर्दळीला वेगळाच रंग येतो. कोलकात्याचा पारा बारा-तेरा अंशांवर आला की बंगाली माणूस माकडटोपी बाहेर काढतो. महाबळेश्वरच्या थंडीत वाढलेल्याला हसू येईल असा हा सोहळा असतो. धर्मतला रस्त्याने थोडे पूर्वेला गेले की वेलिंग्टन चौकाच्या कठड्याला लागून लोकरीच्या कपड्यांचे ठेले मांडले जातात. विक्रेते डोंगराळ भागातून येतात, त्यांत तिबेटी निर्वासित कुटुंबे पुष्कळ. थंडी संपली की ती परततात. ज्यांच्याकडे खरे हिम पडते, ते तीन महिने अशा शहरात स्वेटर विकतात जेथे हिम कधीच पडत नाही. एके काळी बर्फसुद्धा या शहराने बाहेरून आणला होता. १८३३ मध्ये टस्कनी नावाचे जहाज अमेरिकेच्या बोस्टन बंदरातून, गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून निघाले. चार महिन्यांनी ते कोलकात्यास लागले तेव्हा १८० टनांपैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. साहेबलोकांनी वर्गणी काढून बर्फघर बांधले.

आता जमिनीखालच्या गोष्टीकडे वळावे. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी धावली. अंतर अवघे ३.४ किलोमीटर. तिच्यासाठी चौरंगीचा रस्ता वर्षानुवर्षे उघडा पडला होता. वरून चर खणायचा, त्यात बोगद्याची पेटी बांधायची आणि पुन्हा माती लोटायची, अशी ती पद्धत होती. धूळ, चिखल आणि तात्पुरते पूल यांतून एक पिढी शाळेत गेली. दुसरी मेट्रो पूर्व-पश्चिम. ती हुगळीच्या पात्राखालून ५२० मीटर जाऊन २०२४ च्या मार्चमध्ये हावड्याहून एस्प्लनेडला आली. तिचे बोगदे यंत्राने पोखरले. वरच्या रस्त्याला धक्का लागणार नव्हता.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी एस्प्लनेडहून सियालदहकडे निघालेल्या यंत्राने बउबाजारच्या खाली पाण्याच्या थरास छेद दिला. पाणी आणि गाळ बोगद्यात घुसला, वरची जमीन खचली. दुर्गा पिटुरी लेन आणि आसपासच्या गल्ल्यांत जुन्या इमारती तडकल्या, काही कोसळल्या. शेकडो माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडून हॉटेलांच्या खोल्यांत राहावे लागले. हा सोनारांचा मोहल्ला. अनेकांची भट्टी आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली होते. २०२२ मध्ये मे आणि ऑक्टोबरात पुन्हा तडे गेले.

वर्तमानपत्रांनी हे अभूतपूर्व म्हणून छापले. शहरापुरते ते खरे होते. राणीगंजच्या माणसाला मात्र यात नवीन काही नव्हते. तेथील जुन्या खाणींत कोळशाचे खांब जागच्या जागी सोडून मधला कोळसा काढीत, म्हणजे वरचे छत तोलले जाई. पुढे लोभाने ते खांबही खरवडले गेले. पोकळी वाळूने भरायची असते. ते खर्चाचे काम, म्हणून बरेचदा राहून गेले. खाणी बंद पडल्या, मालक बदलले, १९७० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीयीकरण झाले, तोवर कित्येक जुन्या खोदाईचे नकाशेच हाती उरले नव्हते. आज वस्त्यांच्या खाली काय आहे ते पाऊस पडल्यावर कळते. कुठे अंगण खचते, कुठे भिंतीला भेग पडते, कुठे जमिनीतून धूर निघतो, कारण आत उरलेला कोळसा हवा लागून आपोआप पेटतो. १९८९ च्या नोव्हेंबरात महाबीर खाणीत पाणी शिरले तेव्हा अडकलेल्यांपैकी ६५ जणांना जसवंतसिंग गिल या अभियंत्याने पोलादी कुपीतून एकेक करून वर आणले. सहा जण गेले. त्या धाडसावर पुढे चित्रपट निघाला. खचणाऱ्या अंगणांवर चित्रपट निघत नाही. त्या वस्त्या हलवण्याची योजना २००९ मध्ये मंजूर झाली आणि अत्यंत मंद गतीने चालली आहे. विदर्भात चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूला ज्यांची घरे आहेत, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

गोविंदपूर हलवले ते किल्ल्यासाठी, राणीगंजच्या वस्त्या हलवायच्या त्या कोळशापायी, आणि बउबाजार रिकामा झाला तो मेट्रोसाठी. यांतील कोणतीच गोष्ट निरर्थक नव्हती. मेट्रोने हावडा आणि सियालदह ही दोन प्रचंड स्थानके जोडली. रोज तासभर बसमध्ये घामाघूम होणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला, विद्यार्थ्याला त्याचे मोल विचारावे. प्रश्न इतकाच की सोयीचा हिशेब प्रवाशांच्या संख्येत मांडला जातो आणि गैरसोयीचा हिशेब पत्त्यांत. पहिला आकडा नेहमीच मोठा दिसतो.

एस्प्लनेड ते सियालदह हा उरलेला टप्पा २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. गाडी आता बउबाजारच्या खालून काही क्षणांत निघून जाते. तो दिवस आला तेव्हा दुर्गा पिटुरी लेनमध्ये पाडलेली घरे पुन्हा उभी राहिलेली नव्हती. आणि वर, चौकात, दूरच्या गाड्यांचा थांबा हलवावा असा न्यायालयाचा आदेश होऊन बरीच वर्षे लोटली असली तरी, आसनसोलचा वाहक गावांची नावे पुकारतोच आहे आणि रॉकेटच्या टपावर डोंगरात जायच्या गाठोड्यांना दोर आवळला जातो आहे.